मडक्याबद्दल मला विचारणारा माणूस

दोन महिने झाले या गोष्टीला. अंगणात ऊन आलं होतं आणि मी कच्च्या माठाचं बूड थापटत होतो, आतून दगड, बाहेरून लाकडी थापटणं, तेवढ्यात उस्मान मिस्त्री फाटकाशी येऊन उभा राहिला. गवंडी माणूस. एरवी आला की आधी चहा मागतो आणि मग चहाला नावं ठेवतो. त्या दिवशी तिथूनच म्हणाला, "बापू, दोन मटका दे. कोरा." कुंभाराला एवढं पुरतं. आमच्या शहाद्यात मरण कोणाच्याही घरी झालं तरी पहिला निरोप माझ्याकडे येतो. हिंदूंना खांद्यावरून पाणी द्यायला मडकं लागतं, मुसलमानांना मयताची आंघोळ घालायला पाणी न लागलेले दोन मटके लागतात. मी हात पुसत विचारलं, "कोनासाठे?" तो म्हणाला, "हमीद सर गयात. पहाटले."

मी उठलो. मटके भिंतीला लावून ठेवलेले होते. द्यायच्या आधी बोटाने वाजवून बघायची माझी रीत आहे. पहिला वाजवला, चांगला खणखणीत होता, तरी ठेवून दिला. दुसरा वाजवला, तिसरा वाजवला... किती वाजवले कोणास ठाऊक. शेवटी उस्मान म्हणाला, "बापू, त्यामा पानी भरनं शे, तबला नही वाजाडना." मग दोन काढून दिले. दुपारी जनाजा आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेला. मी आत बसून राहिलो. चौदा महिने मी त्या माणसाशी धड बोललो नव्हतो, आणि ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यामागे चालायचं कोणत्या तोंडाने, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. पण आता वाटून काय उपयोग.

मी चौथी शिकलेला माणूस. हे सगळं पेन्सिलने लिहिलंय, नातसुनेने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. वाक्यांना मात्र तिला हात लावू दिला नाही. सरांबद्दल शिकलेली माणसं लिहितील, त्यांच्या शाळेतली मुलं लिहितील, पण सर आणि मी पंचवीस-तीस वर्षं कशावर भांडत होतो ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

सर पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या बाजूच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि राहायला इथे गावात होते. वडील हकीम होते. घरात औषधांच्या बरण्या आणि उर्दू, फारसी पुस्तकं, त्यात सरांनी संस्कृतची भर घातलेली. एका उन्हाळ्यात माठ घ्यायला आले. गिऱ्हाईक माठ बघतं, वाजवतं, भाव करतं. यांनी माठ हातात धरला आणि विचारलं, "दादा, एक सांगा. कच्चं मडकं काळपट असतं, भाजलं की लाल होतं. हा लाल रंग नक्की कुठे येतो? अख्ख्या मडक्यात एकदम, की मातीच्या एकेका कणात?" मला वाटलं हा माणूस उन्हाने फिरलेला दिसतो. मी म्हणालो, "आव्यामा येस," म्हणजे भट्टीत येतो. ते हसले नाहीत. सायकल भिंतीला लावली, खाली मातीत मांडी घालून बसले आणि मला दोन शब्द सांगितले. पीलुपाक आणि पिठरपाक. दोन्ही माझ्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतले, शाळेतल्या मुलाकडून घ्यावेत तसे.

गोष्ट अशी होती. फार जुन्या काळी वैशेषिक नावाचे पंडित होते. त्यांचं म्हणणं, आव्यात मडकं टिकतच नाही. आगीने ते सुटं होतं, अगदी परमाणूपर्यंत, ज्याला ते पीलू म्हणायचे. तिथे एकेक कण लाल होतो आणि मग ते सगळे कण परत जुळून मडकं नव्याने होतं. हे सगळं इतक्या वेगात होतं की माणसाच्या डोळ्याला कळत नाही. हा पीलुपाक. दुसरे न्यायवाले. ते म्हणायचे, असं काही नाही, पिठर म्हणजे भांडं, ते अख्खंच्या अख्खं असताना आग त्याच्या छिद्राछिद्रांतून आत शिरते आणि ते लाल होतं. यावर म्हणे शेकडो वर्षं भांडण चाललं. मी विचारलं, "त्यासनी कुंभारले इचारं का?" सरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "मी वाचलंय त्यात तरी कुठे दिसत नाही."

पुढे मला कळलं की हे एकच भांडण नाही. सांख्य म्हणतात, घडा मातीत आधीपासूनच असतो, तो नुसता बाहेर येतो, त्याला सत्कार्यवाद म्हणायचं. दुसरे म्हणतात, आधी नसतो, नवा होतो, तो असत्कार्यवाद. वेदान्तवाले घड्यातली पोकळी घेऊन बसतात, घडा फुटला की आतलं आकाश कुठे गेलं म्हणून विचारतात. मी ऐकत राहायचो आणि आतून संतापायचो. एवढी मोठी डोकी, सगळ्यांनी घडा उचलला, आणि गोमाई नदीची माती आणून, चाळून, सारंगखेड्याच्या जत्रेला घोडे येतात तेव्हा त्यांची लीद गोळा करून, ती मळून ज्याने घडा केला त्याला एकानेही विचारलं नाही की बाबा, तुझं काय मत. सत्कार्यवाद ऐकल्यावर मी सरांना म्हणालो, "घडा मातीमा पहिलेपासून शे, तं मी कसाले कंबर मोडी ऱ्हायनू?" ते पोट धरून हसले आणि खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ती पहिली वेळ. मी पन्नाशीकडे झुकलेला होतो.

त्यांच्याकडे एक जाड कापडी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात ते असे सगळे सिद्धांत लिहायचे जे खोटे ठरले किंवा मागे पडले. एका पानावर एक शब्द. खाली तो काय म्हणतो, आणि मग कोण तसं म्हणायचं त्याचं नाव. मी विचारलं, जे खोटं ठरलं ते लिहून काय करायचं? म्हणाले, "शाळेत मी खरं ठरलेलं तेवढंच शिकवतो, बापू. पण ज्यांनी अख्खं आयुष्य चुकीच्या बाजूला घातलं, त्यांचं कोणी नाव घेत नाही." वहीत युरोपातलं फ्लॉजिस्टन होतं. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक सत्त्व असतं आणि जळताना ते निघून जातं, असं तिकडचे विद्वान मानायचे. मला ते एकदम पटलं. कपाशीच्या पऱ्हाटीचा भारा जाळा, ओंजळभर राख उरते. वाळलेलं कच्चं मडकं तोला, भाजून तोला, हलकं भरतं. काहीतरी जातंच. सर म्हणाले, मडक्यातून पाणी जातं, आणि लोखंड जाळलं की ते उलट जड होतं. मी म्हणालो शक्य नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनाराकडून छोटा काटा आणला, लोखंडाचा कीस तोलला, माझ्यासमोर जाळला, परत तोलला. पारडं खाली गेलं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "तुम्हना काटा लबाड शे." दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले.

हकीमांच्या पुस्तकातले चार अनासिरही त्या वहीत होते, आग, हवा, पाणी, माती, आणि त्यावरून माणसाचा मिजाज ओळखायची रीत. माझी नाडी धरून सर म्हणाले, "बापू, तुम्ही सौदावी. कोरडा आणि थंड मिजाज. असा माणूस एकदा फिरला की लवकर वळत नाही." मी म्हणालो, जो माणूस जन्मभर आव्याशेजारी बसला तो थंड कसा असेल. त्यांनी नाडी सोडली आणि म्हणाले, "राग नाही आला म्हणजे मिळवलं." आला होता. मी दाखवला नाही.

सरांच्या पत्नी झुलेखाभाभी वारल्या तेव्हा चाळीस दिवस सर इकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, आवा रचणं चाललं होतं तिथे बसले, आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "मी आता पीलुपाकाच्या बाजूचा." तोवर ते दोन्हीकडून बोलायचे, कोणाची बाजू घ्यायचे नाहीत. मी म्हणालो, विज्ञानाचे मास्तर तुम्ही, तुम्हाला माहीत आहे तसं होत नाही. म्हणाले, "माहीत आहे. तरी. सगळं सुटं होतं, पार कणाकणापर्यंत, आणि परत जुळतं, आणि जुळल्यावर पहिल्यापेक्षा पक्कं असतं... एवढं मला मानू द्या." दुसरा कोणी असता तर मानू दिलं असतं. मी म्हणालो, "सर, एकदा तडकेल मडकं वाजाडी देखा. भद्द वाजस." त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तरी बोललो ते मागे घेतलं नाही. मला मागे घेता येत नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं आमचं हेच चाललं. आणि एके दिवशी मी त्यांना पेचात पकडलं. माझ्या उजव्या अंगठ्याला लहानपणी विळ्याने चीर पडलेली, ती तशीच राहिली. चाकावरून मडकं उतरवण्याआधी मी गळ्याखाली अंगठा फिरवतो, तिथे रेघ उमटते, आणि त्या चिरेमुळे माझी रेघ दुहेरी असते. जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची तशी नाही. मी एक कच्चं मडकं आणि एक भाजलेलं मडकं सरांच्या पुढ्यात ठेवलं, त्यांचं बोट धरून दोन्ही रेघांवरून फिरवलं आणि म्हणालो, "मडकं आव्यात कणाकणाने सुटं झालं, मान्य. परत जुळलं, मान्य. पण मी तर बाहेर बिडी ओढत बसलो होतो. मग ही रेघ परत कोणी ओढली?" सर कितीतरी वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "रेघही सुटी झाली असेल आणि रेघही जुळली असेल." पण आवाजात जोर नव्हता. जाताना फाटकाशी वळले आणि म्हणाले, "बापू, मी हे कुठेही वाचलेलं नाही. हे लिहिलं पाहिजे." त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका मी आनंदाने फुगलो होतो.

त्यांनी ते लिहिलं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत येणार म्हणून मला आठवडाभर आधी सांगितलं. मी ते चहाच्या टपरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, प्रकाशा गावच्या व्याह्यांना फोन करून सांगितलं. रविवारी टपरीवर पंधरा-वीस जण जमले. किराणा दुकानवाल्याने मोठ्याने वाचायला घेतलं. पीलुपाक आला, पिठरपाक आला, दुहेरी रेघ आली, रेघ कोणी ओढली हा माझा सवाल जसाच्या तसा आला. आणि त्याच्या आधी लिहिलेलं होतं, 'माझ्या परिचयातील एका कुंभाराने.' दुकानवाला थांबला, पुढचं वाचलं, परत मागे गेला. नाव कुठेच नव्हतं. वैशेषिकांच्या, न्यायवाल्यांच्या पंडितांची नावं होती, फ्लॉजिस्टनवाल्यांची होती. उस्मान मिस्त्रीच म्हणाला, "का बापू, हाऊ एक कुंभार कोन शे? आपला गावना शे का?" सगळे हसले. तो वाईट मनाने बोलला नाही, हे आज मला कळतं. पुढे कित्येक दिवस गल्लीतली माणसं मला "काय, एक कुंभार" म्हणून हाक मारत होती.

दोन हजार वर्षं कोणी कुंभाराला विचारलं नाही, ते मी सहन करू शकलो असतो, कारण ती माणसं मी पाहिलेली नव्हती. या माणसाने माझ्या अंगणात बसून विचारलं, माझं बोलणं नेलं आणि नाव इथेच टाकून गेला.

सर तीनदा आले. पहिल्यांदा मी आतूनच सांगितलं, घरी नाही म्हणून. दुसऱ्यांदा समोर होतो. ते म्हणाले, "बापू, कारण शे. दोन मिनिट बठू द्या, सांगस." मी म्हणालो, "कारणं पुरवणीत लिखा. तठे जागा भरपूर शे." आणि चाक फिरवायला लागलो. तिसऱ्यांदा आले तेव्हा काठी घेऊन आले होते, चेहरा सुजलेला, बहुधा तेव्हाच आजार लागलेला होता. बसले नाहीत. फाटकाला धरून म्हणाले, "बापू, त्या रेघेचा मी परत विचार करी ऱ्हायनू. मले वाटस की..." मी पाठ फिरवली आणि म्हणालो, "इचार घर जाईसन करा." थोडा वेळ ते उभे होते, हे मला पाठीला कळत होतं. मग काठीचा आवाज गेला.

आणि या सगळ्यात माझं काय झालं तेही लिहितो, कारण ते कोणालाच सांगितलेलं नाही. त्यानंतरच्या एका आव्यात उसाचं पाचट जास्त झालं, एका बाजूला आग भडकली, आणि त्या बाजूचं एक मडकं बाहेर काढलं तर ते एका अंगाने बसलेलं, काळंनिळं, आणि गळ्याखालची माझी दुहेरी रेघ तिथून पुसली गेली होती. अर्ध्या गळ्यावर आहे, अर्ध्यावर वितळून गेलेली. मी ते उन्हात धरून बघत राहिलो. म्हणजे आगीत कण आपली जागा सोडतात. थोडं तरी सोडतात. सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते मडकं घेऊन जायला त्यांच्या घरापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. मी ते मडकं पिशवीत घातलं, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेलो, आणि परत आलो. आधी त्यांनी माफी मागावी, असं मनात धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी ते मडकं फोडून टाकलं.

सरांचा चाळीसवा दिवस झाल्यावर त्यांची मुलगी शबाना आली. चिंचपाड्याला नर्स आहे. लहान असताना इथे मातीत खेळायची. तिने पिशवीतून ती कापडी पुठ्ठ्याची वही काढली आणि म्हणाली, "चाचा, अब्बांनी सांगितलं होतं, ही तुम्हाला दाखवायची. आधी पहिलं पान." इतकी वर्षं वही माझ्यासमोर उघडली जायची, पण पहिलं पान मी कधी पाहिलं नव्हतं. शाई फिकट पडलेली. आमची ओळख होण्याच्याही आधीची तारीख. तिने वाचलं. 'या वहीत मतापुढे नाव फक्त मेलेल्या माणसाचं लिहायचं. जिवंत माणूस उद्या मत बदलू शकतो. त्याचं नाव लिहून त्याला त्या मताशी बांधू नये.' मी तिला परत वाचायला सांगितलं. तिने परत वाचलं. मग पीलुपाक-पिठरपाकाचं पान काढलं. त्यावर पंडितांची नावं होती, त्यांच्या खाली दुहेरी रेघेचा माझा सवाल, आणि त्यापुढे नावासाठी सोडलेली मोकळी जागा.

पुरवणीतही सरांनी हाच नेम पाळला होता, तिथली सगळी नावं मेलेल्यांची होती. ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे, बापूंना हे ऐकवायचंय, पण ते ऐकून घेत नाहीत." यात तक्रार नव्हती, तिने जसं घडलं तसं सांगितलं. मी म्हणालो, "बरोबर सांगत होते."

मग तिने पेन काढलं. म्हणाली, "चाचा, आता त्यांच्याच नेमाप्रमाणे अब्बांचं नाव लिहायला पाहिजे. म्हणून मी आले. पण कशापुढे लिहू? अम्मी गेल्यावर ते पीलुपाक म्हणत होते, ते मला माहीत आहे. शेवटी-शेवटी काय म्हणत होते? घरात ते यावर कोणाशी बोलायचे नाहीत. म्हणायचे, हे बापूंशी बोलायचं."

पेनचं टोपण तिने काढलेलं होतं. मी तोंड उघडलं. माझ्याजवळ फाटकाशी तोडलेलं अर्धं वाक्य होतं, तेवढंच. त्यापुढे काय होतं, ते माझ्या बाजूला आले होते की आपल्याच बाजूला पक्के झाले होते, की तिसरंच काही त्यांना सुचलं होतं, ते ऐकायला जगात एकच माणूस होता आणि त्याने पाठ फिरवली होती.

"माले म्हाईत नही, बेटा," मी म्हणालो.

तिने पेन तसंच पानावर धरून ठेवलं. मला आठवेल असं तिला वाटलं असावं. मग तिने टोपण लावलं, वही मिटली आणि माझ्याजवळ ठेवून गेली, आठवलं तर फोन करा म्हणाली. वही आता माझ्या खाटेशेजारच्या फळीवर असते. चष्मा लावून मी ते पान काढतो आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो. माझ्या सवालापुढची जागा रिकामी आहे. सरांचं नाव कुठेच नाही.